चोरदिंडीची किल्ली कोणाकडे?

मागच्या वेळी आपण १८८५ च्या तार कायद्यापाशी थांबलो होतो. त्यातल्या पाचव्या कलमानं सरकारला निरोप अडवण्याची मुभा दिली. ती वापरणं सोपं होतं, कारण तारखातंच सरकारचं होतं. आमच्या पिढीनं ट्रंक कॉल लावलेत. मधे ऑपरेटर ऐकत असेल, हे गृहीत धरूनच आम्ही बोलायचो. आजची परिस्थिती वेगळी आहे. यंत्र खासगी कंपनीचं, कुलूप गणिताचं, आणि सरकार म्हणतं, कुलूप खुशाल लावा, फक्त एक किल्ली आमच्याकडे असू द्या. याला बॅकडोअर म्हणतात. आपल्याला शब्द शोधायला लांब जायला नको, रायगडावर चोरदिंडी आहेच.

या मागणीचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९९२ मध्ये एटी अँड टी कंपनीनं संभाषण गुप्त ठेवणारं उपकरण बाजारात आणायचं ठरवलं. सरकारी यंत्रणा अस्वस्थ झाल्या. १६ एप्रिल १९९३ ला क्लिंटन सरकारनं क्लिपर चिप जाहीर केली. योजना कागदावर मोठी समंजस होती. प्रत्येक चिपची स्वतंत्र किल्ली, तिचे दोन तुकडे, ते दोन वेगळ्या सरकारी खात्यांकडे. कायदेशीर परवानगी मिळाली की दोन्ही तुकडे जुळवायचे आणि ऐकायचं. एका माणसाच्या हाती सत्ता नको, हा विचार त्यात होता, आणि तो वाईट नव्हता.

१९९४ मध्ये बेल लॅब्जमधल्या मॅट ब्लेझ या संशोधकानं ही चिप तपासली. प्रत्येक संभाषणाच्या आधी चिप एक छोटी चिठ्ठी पाठवायची, पोलिसांना कुलूप उघडता यावं म्हणून. चिठ्ठी खरी की खोटी हे पडताळायला फक्त १६ बिटांची खूण होती, म्हणजे ६५,५३६ शक्यता. संगणकाला हे कितीसं काम? साधारण पाऊण तासात खोटी चिठ्ठी तयार व्हायची. समोरचं यंत्र ती मुकाट्यानं स्वीकारायचं आणि पोलिसांच्या हाती काही लागायचं नाही. यातली गंमत लक्षात घ्या. सरळमार्गी माणसाची किल्ली सरकारजमा, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो मात्र मोकळा. शिवाय परदेशातलं गिऱ्हाईक अमेरिकी सरकारची किल्ली असलेला फोन घेईल कशाला? १९९६ पर्यंत चिप इतिहासजमा झाली.

पण त्याच १९९४ मध्ये दुसरा एक कायदा गाजावाजा न होता टिकून राहिला. टेलिफोन कंपन्यांनी आपल्या एक्स्चेंजमध्येच ऐकण्याची सोय करून ठेवायची, असा तो कायदा. मग अशी सोय जगभरच्या यंत्रांत येऊ लागली. ती कुठे गेली, ते अथेन्समध्ये दिसलं. यावर थोडं थांबावंसं वाटतं, कारण ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

व्होडाफोनच्या ग्रीसमधल्या एक्स्चेंजची यंत्रं एरिक्सनची होती. कायदेशीर श्रवणाची पूर्ण सोय कंपनीनं विकतही घेतली नव्हती, पण तिचे भाग सॉफ्टवेअरमध्ये येऊन पडले होते. २००४ च्या ऑलिम्पिकच्या सुमारास कोणीतरी आत शिरून ते जागे केले. शंभराहून अधिक फोन ऐकले जात होते, आणि त्यात खुद्द पंतप्रधान कोस्टास करामानलिस होते! काही एसएमएस पोहोचेनात म्हणून तपास सुरू झाला, तेव्हा हे उघडकीस आलं. मार्च २००५ मध्ये कंपनीनं ते सॉफ्टवेअर तडकाफडकी काढून टाकलं, चोर सावध झाले आणि माग पुसला गेला. कंपनीला ७ कोटी ६० लाख युरो दंड झाला. ज्या सरकारांसाठी ही दिंडी ठेवायची, त्यातल्याच एका सरकारचा प्रमुख त्या दिंडीतून ऐकला गेला.

आता दुसरी बाजू. ती आम्ही हलकी मानत नाही, आणि मुंबई ज्यांनी पाहिली त्यांनी मानूही नये. २६/११ च्या हल्लेखोरांना सीमेपलीकडून मिळणाऱ्या सूचना आपल्या यंत्रणांनी ऐकल्या आणि ती संभाषणं पुढे खटल्यात पुरावा ठरली. त्याच काळात ब्लॅकबेरीशी सरकारचा वाद चालला होता. २०१० मध्ये मुदती दिल्या गेल्या, पुढे कंपनीनं मुंबईत काही सोय करून दिली. पण कंपन्यांच्या खास सर्व्हरवरच्या ईमेलबद्दल तिचं उत्तर एकच होतं: त्याची किल्ली आमच्याकडेच नाही, देणार कुठून?

अ‍ॅपलचं उत्तर तेच नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला १४ माणसं मारली गेली. हल्लेखोराचा आयफोन सापडला. दहा चुकीचे प्रयत्न झाले तर आतलं सगळं पुसलं जाण्याची भीती. १६ फेब्रुवारी २०१६ ला न्यायालयानं अ‍ॅपलला आदेश दिला की ही मर्यादा काढणारं खास सॉफ्टवेअर बनवून द्या. आधार कशाचा? १७८९ च्या कायद्याचा! टिम कुक यांनी जाहीर पत्र लिहून नकार दिला. त्यांना ते बनवता आलं असतं. त्यांचं म्हणणं असं की एकदा बनवलं की ते एका फोनपुरतं राहत नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी एफबीआयनं मुदत मागितली आणि २८ मार्चला खटला मागे घेतला. बाहेरच्या कोणीतरी फोन उघडून दिला होता. ती फट कोणती, हे एफबीआयनं अ‍ॅपलला सांगितलं नाही.

इथे आम्हाला हिरकणी आठवते. आख्यायिका आहे, समकालीन पुरावा मागू नका. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी ती गवळण कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला. आई उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, एवढा साधा हिशेब. एफबीआयनं सन्मान केला, बुरूज बांधू दिला नाही.

२०२४ मध्ये अमेरिकी टेलिफोन कंपन्यांत चीनशी संबंधित हॅकर शिरल्याचं उघड झालं. न्यायालयाच्या परवानगीनं फोन ऐकण्यासाठी ज्या यंत्रणा होत्या, तिथपर्यंत ते पोहोचले होते. त्या डिसेंबरात अमेरिकेच्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना एन्क्रिप्शन असलेली अ‍ॅप वापरायचा सल्ला दिला. तीस वर्षांत वर्तुळ असं फिरलं.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी संदेश मुळात कोणी पाठवला ते शोधून देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर व्हॉट्सअ‍ॅप इथे राहणार नाही. मूळ पाठवणारा शोधायचा म्हणजे प्रत्येकाच्या प्रत्येक संदेशावर खूण ठेवावी लागेल का, हा त्यातला खरा कळीचा प्रश्न. त्यावर पुढच्या वेळी, १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा फोन टॅपिंगवरचा निकाल हाताशी घेऊन बोलू. आता तुमचे प्रश्न घेतो.