साउथ फोर्क, दुपारी ३ वाजून १० मिनिटं

गुरुवार, ३० मे १८८९, दुपार

पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनमध्ये आज सुट्टी. यादवी युद्धात कामी आलेल्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस. मिरवणूक निघाली, बँड वाजला, म्हातारे सैनिक गणवेश घालून चालले. माणसं घरी परतेपर्यंत पावसाला सुरुवात झाली होती. नेब्रास्का-कॅन्ससकडून आलेलं हे वादळ पुढच्या चोवीस तासांत या डोंगराळ पट्ट्यावर ६ ते १० इंच पाऊस ओतणार होतं.

जॉन्सटाउनला पुराचं नावीन्य नव्हतं. लिटल कोनमॉ आणि स्टोनीक्रीक या दोन नद्यांच्या संगमावर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोलगट जागेत हे गाव वसलेलं. खोऱ्यातली वस्ती तीस हजारांच्या घरात. बहुतेकांचं पोट कॅम्ब्रिया आयर्न कंपनीवर चालायचं. रूळ तिचे, काटेरी तार तिची, कामगारांची घरं तिची, वाणसामानाचं दुकानही तिचंच. भट्ट्यांमधली मळी वर्षानुवर्षं काठावर टाकून नद्यांची पात्रं अरुंद करण्याचं कामही तिनेच केलेलं. डोंगरांवरची झाडं तर केव्हाच तोडून झाली होती. त्यामुळे दर वसंतात पाणी रस्त्यावर यायचं, लोक गालिचे गुंडाळून वरच्या मजल्यावर न्यायचे आणि पाणी ओसरलं की चिखल काढायचे.

शुक्रवार, ३१ मे, सकाळी ६ ते ७

जॉन्सटाउनपासून १४ मैल वर आणि ४५० फूट उंचीवर साउथ फोर्कचं धरण होतं. तिथल्या क्लबवर सांडपाण्याच्या नळांचं काम पाहायला आलेला जॉन पार्क हा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण इंजिनिअर उठला. रात्रीत तलाव दोन फूट चढला होता. तलावाच्या वरच्या टोकाकडून पाण्याचा घोष ऐकू येत होता. पार्क एका कामगाराला घेऊन नावेतून तिथवर जाऊन आला. ओढे जंगल उखडत तलावात येत होते.

हा तलाव कोणाचा, हे इथेच सांगितलेलं बरं. धरण मूळचं सरकारी. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं, मातीचं, ७२ फूट उंच आणि ९३१ फूट लांब. १८५३ मध्ये ते पुरं झालं, तोवर रेल्वे आली होती आणि कालव्यांचे दिवस संपले होते. धरण रेल्वे कंपनीकडे गेलं, १८६२ मध्ये थोडं फुटलं, तसंच पडून राहिलं. पुढे जॉन रायली नावाच्या एका राजकारण्याने ते विकत घेतलं आणि तळातून पाणी सोडायचे पाच ओतीव लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये बेंजामिन रफने ते घेऊन ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ काढला. सभासद साठेक, बहुतेक पिट्सबर्गचे धनिक: अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, फिलँडर नॉक्स, आणि पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या पिट्सबर्ग विभागाचा प्रमुख रॉबर्ट पिटकेर्न. पिट्सबर्गच्या धुरातून सुटून उन्हाळ्यात इथे शिडाच्या होड्या फिरवायच्या, मासे धरायचे.

रफने धरणाची डागडुजी करून घेतली ती माती, दगड, झाडांच्या फांद्या, पेंढा आणि शेणाने. तळातले नळ परत बसवलेच नाहीत. म्हणजे पाणी जायला सांडवा ही एकच वाट उरली. क्लबने तलावात विकत आणून सोडलेले ब्लॅक बास मासे वाहून जाऊ नयेत म्हणून त्या सांडव्यावर लोखंडी जाळ्या बसवल्या. घोडागाड्या जायला वाट रुंद हवी म्हणून धरणाचा माथा दोन-तीन फुटांनी छाटला. शिवाय तो मधोमध थोडा खचलेला होता, म्हणजे पाणी वरून जायची वेळ आलीच तर पहिल्यांदा नेमकं मधूनच जाणार.

कोणाला कळलं नाही म्हणावं, तर तसंही नाही. कॅम्ब्रिया आयर्नचा प्रमुख डॅनियल मॉरेल याने १८८० मध्येच आपला इंजिनिअर जॉन फुल्टन पाहणीला धाडला होता. फुल्टनने साफ लिहिलं की पाणी सोडायला नळ नाहीत आणि दुरुस्ती धड झालेली नाही. मॉरेलने नळांच्या खर्चातला वाटा उचलायची तयारी दाखवली. रफने उत्तर पाठवलं की तुमच्या माणसांना आमच्यापासून काही धोका नाही. मॉरेल १८८५ मध्ये गेला, रफ १८८७ मध्ये, आणि तो कागद फायलीत राहिला.

सकाळी ८ ते ११

क्लबचा अध्यक्ष ईलायस उंगर याने नळाच्या कामावरचे इटालियन मजूर धरणावर बोलावले. काही जण माथ्यावर माती टाकून उंची वाढवू लागले, एक जण नांगर धरून माती उकरत होता. काही जण पश्चिमेच्या टोकाला दुसरा सांडवा खणायला लागले. पण तिथे खाली कठीण खडक, गुडघाभर खोलीच्या पुढे काही जाईना. पाणी तासाला नऊ-दहा इंचांनी चढत होतं. मग कोणीतरी म्हणालं, जाळ्या काढा. जाळ्यांत ओंडके, फांद्या आणि पाचोळा असा गच्च अडकला होता की त्या हलेनात. त्या आधी काढायला उंगरचं मन धजलं नव्हतं. क्लबचे मासे वाहून गेले असते.

खाली जॉन्सटाउनमध्ये कारखाना सुटला होता, शाळाही सोडल्या होत्या. रस्त्यांवर पाणी भरत होतं. पुरुष घरी येऊन सामान वर चढवत होते.

सकाळी ११.३०

पाणी माथ्याला टेकलं. पार्क घोड्यावर बसून दोन मैलांवरच्या साउथ फोर्क गावात गेला. तिथल्या माणसांना त्याने उंचावर जायला सांगितलं आणि जॉन्सटाउनला तार करायला सांगून परत फिरला.

परतल्यावर त्याच्या मनात एक विचार आला, तो त्याने नंतर स्वतःच सांगितला. मधून फुटायच्या आत धरण कडेला, जिथे पाण्याचा जोर कमी तिथे, आपणच कापलं तर? तलाव सावकाश रिकामा झाला असता. पण धरण मात्र नक्की गेलं असतं, आणि ते वाचलं असतं की नसतं हे मग कोणालाच सिद्ध करता आलं नसतं. करोडपतींचा तलाव फोडणारा माणूस म्हणून एका पगारी पोराचं नाव झालं असतं. त्याने ते केलं नाही. मला त्याला दोष देववत नाही. तो निर्णय घ्यायचा अधिकार ज्यांना होता त्यांच्यापैकी एकटा उंगर तिथे होता. बाकीचे बहुतेक अजून शहरातच होते, उन्हाळ्याचा हंगाम सुरू झाला नव्हता.

दुपारी १२ ते ३

साउथ फोर्कच्या रेल्वे मनोऱ्यात तारेवर एमा एरेनफेल्ड होती. पश्चिमेकडच्या तारा ठिकठिकाणी तुटलेल्या. निरोप मिनरल पॉइंटपर्यंत गेला, तिथून पुढे रूळ तपासणाऱ्या माणसाच्या हाती चिठ्ठी देऊन पायी पाठवावा लागला. तरीही दुपारभरात इशारे जॉन्सटाउनच्या स्टेशनात पोचले. ते पिट्सबर्गला पिटकेर्नलाही कळले आणि तो गाडीने पूर्वेकडे निघालासुद्धा.

जॉन्सटाउनात मात्र ते कागद टेबलावरच राहिले. स्टेशनातल्यांनी धावाधाव केली नाही, कोणी घंटा वाजवली नाही. ‘धरण फुटणार’ ही गावात दर वसंतातली थट्टा होऊन बसली होती. दरवर्षी कोणीतरी ओरडायचं, दरवर्षी काही व्हायचं नाही, आणि ओरडणाऱ्याची पुढचे दोन आठवडे टर उडायची. शिवाय एव्हाना सखल भागात कमरेच्या वर पाणी होतं. इशारा मानला असता तरी कित्येकांना घराबाहेर पडता आलं नसतं. तारऑफिसातली हेटी ओगल पाणी चढल्यावर वरच्या मजल्यावर गेली आणि तार पाठवत राहिली. तीनच्या सुमारास तिने पिट्सबर्गला कळवलं की हा माझा शेवटचा निरोप. ती वाचली नाही.

३ वाजून १० मिनिटं

मधोमध पाण्याने माती खात खात खाच पाडली होती. ती रुंदावली आणि धरण गेलं. उंगर तिथेच कोसळला, त्याला उचलून घरी न्यावं लागलं. दोन कोटी टन पाणी तासाभरात रिकामं झालं.

साउथ फोर्क गावात घरं वाहून गेली, पण माणसं फार थोडी. ती आधीच वर गेली होती. पार्कच्या दौडीचं एवढं फळ मिळालं. पुढे दरीत रेल्वेचा पाऊणशे फूट उंच दगडी पूल होता. त्याच्या कमानीत झाडं आणि घरं अडकून बूच बसलं, पाणी क्षणभर तुंबलं, पूल तुटला आणि लोंढा नव्या जोराने सुटला. मिनरल पॉइंटमधली घरं गेली, मातीही गेली, खाली नागडा खडक उरला.

ईस्ट कोनमॉजवळ जॉन हेस इंजिन घेऊन रुळांच्या कामावर होता. दरीच्या वरच्या बाजूने आवाज येताच त्याने शिटीची दोरी बांधून टाकली आणि इंजिन उलटं, जमेल तेवढ्या वेगाने यार्डाकडे हाणलं. थांबलेल्या गाड्यांमधले कित्येक प्रवासी ती अखंड शिटी ऐकून उतरून डोंगराकडे पळाले. पाण्याने तीसेक इंजिनं उचलून नेली. वुडव्हेल ही कंपनीची टुमदार वसाहत. तिथल्या अकराशेपैकी ३१४ माणसं गेली, कारण तिथे कोणी शिटी वाजवली नाही. तिथला गॉटियर तारकारखाना फुटला आणि काटेरी तारेची भेंडोळीच्या भेंडोळी लोंढ्यात मिसळली.

४ वाजून ७ मिनिटं

जॉन्सटाउनात ज्यांनी पाहिलं, त्यांना पाणी दिसलंच नाही. दिसला तो काळसर धुरळा आणि त्यामागे पस्तीस-चाळीस फूट उंचीचा, सरकत येणारा घरांचा ढीग.

सोळा वर्षांचा व्हिक्टर हायझर घोडे सोडायला तबेल्यात गेला होता. घराच्या खिडकीतून वडील त्याला छपराकडे चढायच्या खुणा करताना त्याने पाहिले. तो चढला, आणि डोळ्यांसमोर घर चिरडलं गेलं, आई-वडिलांसह. तबेला लोळत, उलथत निघाला. वाटेत त्याने फळं विकणारं मुसांते कुटुंब पाहिलं: कोठाराच्या तरंगत्या फरशीवर बसून ते घाईघाईने ट्रंकेत सामान भरत होते. पुढच्या क्षणी ढिगाऱ्याची एक लाट त्यांच्यावरून गेली. हायझर एका घराच्या छपरावर पोचला तेव्हा त्याने खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. हा मुलगा पुढे डॉक्टर झाला आणि फिलिपीन्समध्ये कुष्ठरोगावर त्याने मोठं काम केलं.

सहा वर्षांची गर्ट्रूड क्विन एका गादीवर एकटीच तरंगत होती. एका छपरावर वीसेक माणसं होती. त्यातल्या मॅक्सवेल मॅकॅक्रन नावाच्या कामगाराने बाकीच्यांचं न ऐकता पाण्यात उडी घेतली आणि तिच्यापर्यंत पोचला. डोंगराच्या कडेच्या एका इमारतीजवळ आल्यावर खिडकीतली माणसं ओरडली, पोर इकडे फेक. त्याने फेकली, त्यांनी झेलली. तिची मावशी, मावशीचं तान्हं बाळ आणि सांभाळणारी मुलगी घराच्या वरच्या मजल्यावर थांबली होती. त्यांच्यातलं कोणी उरलं नाही.

संध्याकाळ

रेल्वेचा सात कमानींचा दगडी पूल टिकला, आणि वाचलेल्या शेकडो जणांवर तेच उलटलं. गावातलं सगळं त्याला येऊन अडलं: छपरं, डबे, मेलेली जनावरं, जिवंत माणसं, तीस एकर पसरलेला ढीग, काटेरी तारेने शिवलेला. चुली उलटल्या होत्या, तेल सांडलं होतं. अंधार पडता पडता ढीग पेटला. तारेत अडकलेल्यांना सोडवायला माणसं कुऱ्हाडी घेऊन आत शिरली. काही सुटले, सुमारे ऐंशी जण जळाले. आग तीन दिवस धुमसत होती.

खाली चारेक मैलांवर सँग हॉलोला पिटकेर्नची गाडी अडकली. तिथून तो नदीतून वाहत जाणारी माणसं पाहत राहिला. पिट्सबर्गच्या वर्तमानपत्रांना पहिली बातमी त्यानेच तारेने कळवली, मदतीचं आवाहनही त्यानेच केलं. तो तलाव ज्यांचा, त्या साठेक जणांतला तो एक होता.

त्यानंतर

मृत २,२०९. त्यांत ९९ अख्खी कुटुंबं. सातशेहून जास्त प्रेतांना नाव मिळालं नाही. ५ जूनला ६७ वर्षांची क्लारा बार्टन रेडक्रॉसची माणसं घेऊन उतरली आणि ऑक्टोबरपर्यंत हलली नाही. देशाने आणि परदेशाने मिळून सदतीस लाख डॉलर पाठवले. क्लबने हजार घोंगड्या दिल्या. कार्नेगीने गावाला नवं ग्रंथालय बांधून दिलं.

इंजिनिअरांच्या संघटनेच्या चौकशी समितीने आपला अहवाल १८९१ पर्यंत बाहेर येऊ दिला नाही. त्यात म्हटलं होतं की मूळच्या उंचीचं धरण असतं तरी ते वरून वाहून फुटलंच असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो हिशेब पुन्हा मांडला आणि उलट निष्कर्ष काढला: माथा छाटला नसता आणि नळ असते, तर धरण टिकलं असतं.

खटले झाले. क्लबचा बचाव असा की ही देवाची करणी, आणि त्या वेळच्या कायद्यानुसार कोणाची नेमकी चूक हे दाखवायची जबाबदारी बुडालेल्यांच्या नातेवाइकांची. क्लबच्या स्वतःच्या नावावर वसूल करण्याजोगं फारसं नव्हतं, सभासदांच्या खिशापर्यंत कोणी पोचू शकलं नाही. नुकसानभरपाईचा एक डॉलरही मिळाला नाही. क्लबची बाजू ‘नॉक्स अँड रीड’ या पेढीने सांभाळली, आणि दोन्ही भागीदार क्लबचे सभासद होते. त्यांतला फिलँडर नॉक्स १९०१ मध्ये अमेरिकेचा ॲटर्नी जनरल झाला, म्हणजे केंद्र सरकारचा सर्वांत मोठा कायदा अधिकारी.