साठाला सहा शतांश कमी

प्रोजेक्टरच्या मेनूत सिग्नलची माहिती उघडली, की अनेकदा ‘१०८०पी, ५९.९४ हर्ट्झ’ असं दिसतं. १०८० म्हणजे आडव्या ओळी आणि ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह, वरून खाली सलग काढलेलं चित्र. एवढं लगेच उमगतं. अडतं ते ५९.९४पाशी. सरळ साठ का नाहीत? त्या कमी पडलेल्या सहा शतांशांचं मूळ १९५३ सालच्या अमेरिकेत आहे.

साठ आले विजेकडून. अमेरिकेत घरगुती वीज सेकंदाला ६० आवर्तनांची. सुरुवातीच्या टीव्ही संचांत विजेची घरघर चित्रात उतरायची आणि दोन्हींचा वेग जुळला नाही तर पडद्यावर पट्टे सरकत राहायचे. म्हणून १९४१च्या मानकाने सेकंदाला ६० ‘फील्ड’ धरले. पण ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलात सेकंदाला साठ पूर्ण चित्रं मावत नव्हती. त्यावर तोड निघाली इंटरलेसिंगची: आधी एकाआड एक ओळी काढायच्या, मग मधल्या भरायच्या. अशी एक खेप म्हणजे एक फील्ड, दोन मिळून एक पूर्ण फ्रेम. ५२५ ओळी दोन खेपांत, म्हणजे खेपेला २६२.५. तो अर्धा उरतो म्हणूनच दुसऱ्या खेपेच्या ओळी पहिल्या ओळींच्या मधोमध पडतात; ओळींचा आकडा विषम ठेवला तो याचसाठी. ‘१०८०आय’मधला ‘आय’ इथूनच आला.

मग रंगाची वेळ आली. १९५०मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने सीबीएस या प्रसारण कंपनीच्या रंगीत पद्धतीला मान्यता दिली. तिची अडचण एकच, पण जीवघेणी: लोकांच्या घरी असलेल्या संचांवर ते प्रक्षेपण दिसतच नसे. जून १९५१मध्ये सुरू झालेलं हे प्रक्षेपण ऑक्टोबरात थांबलंसुद्धा.

टीव्हीची मानकं ठरवणाऱ्या एनटीएससी समितीने नव्याने काम हाती घेतलं ते एका अटीवर. रंगीत कार्यक्रम जुन्या संचावरही नीट दिसायला हवा, भले कृष्णधवल दिसो. रंगासाठी सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झची वेगळी लहर चित्राच्या सिग्नलातच मिसळायची ठरली. ध्वनीची लहर आधीपासून ४.५ मेगाहर्ट्झवर होती. या दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटे. ठिपके टाळता येत नव्हते, पण लपवता येत होते. एका ओळीत जिथे उजळ ठिपका, तिथेच पुढच्या ओळीत काळा पडला, तर डोळ्याला जाळी जाणवत नाही. त्यासाठी ध्वनीची लहर ओळींच्या वेगाच्या नेमक्या पूर्ण पटीत हवी होती. सेकंदाला १५,७५० ओळी धरल्या तर २८६ पट होते ४.५०४५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ध्वनी एक सहस्रांशाने वर सरकवावा लागणार. पण घरोघरचे संच ४.५वर जुळवलेले! अभियंत्यांनी ध्वनीला हात लावला नाही. चित्रच एक सहस्रांशाने हळू केलं. ओळी झाल्या सुमारे १५,७३४ आणि फील्ड ५९.९४. एवढा फरक जुने संच सहज सांभाळून घेत. १७ डिसेंबर १९५३ला या मानकाला मान्यता मिळाली.

मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. साठासारखा सुबक आकडा मोडला, पण काटकसर करून संच घेतलेल्या कुणाचंही घर अंधारात गेलं नाही. भुर्दंड पडला तो व्यावसायिकांवर. प्रत्येक फ्रेमला क्रमांक देणारा, तीस फ्रेमचा सेकंद मोजणारा टाइमकोड खऱ्या घड्याळामागे तासाला ३.६ सेकंद पडू लागला. मग ‘ड्रॉप-फ्रेम’ आलं: दर मिनिटाला दोन क्रमांक गाळायचे, दर दहाव्या मिनिटाला नाही. गळतात ते क्रमांक, चित्रं नव्हे.

आपल्याकडे वीज ५० आवर्तनांची, म्हणून दूरदर्शन ६२५ ओळींचं आणि ५० फील्डचं. २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालेलं मुंबई केंद्रही तसंच. १९८२मध्ये रंग आला तो पॅल पद्धतीचा. तिला हा सहस्रांश कापावा लागला नव्हता.

आजच्या एचडीएमआय केबलमधून ध्वनीची ती वेगळी लहर जात नाही, तरी ५९.९४ टिकून आहे, कारण अमेरिकी प्रक्षेपण आणि दशकांचं चित्रण त्याच वेगाचं आहे. एचडीएमआयच्या यादीत ६० आणि ५९.९४ एकाच क्रमांकाखाली येतात. ५०ला मात्र स्वतंत्र क्रमांक आहे. लग्नाचं ५० फ्रेमचं चित्रण ६०वर लावलेल्या प्रोजेक्टरवर दाखवलं, की सेकंदाला दहा फ्रेम दोनदा येतात आणि वरात अडखळत चालते. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ५० निवडायचं, ती सरळ चालू लागते.