हौशी आणि व्यावसायिक बुद्धिबळ प्रोग्राम

नव्वदच्या दशकात फ्रिट्झ, श्रेडर यांसारखे विक्रीचे प्रोग्राम आणि फावल्या वेळात लिहिलेले हौशी प्रोग्राम यांच्यात मोठी दरी होती. मूळ कल्पना सर्वांना ठाऊक होत्या. अल्फा-बीटा शोधपद्धत तर पुस्तकांतच दिलेली असे. फरक पडे तो मेहनतीच्या तासांनी आणि चाचण्यांनी. समजा, उघड्या स्तंभावरच्या हत्तीचे मोल किंचित वाढवले. त्याने प्रोग्राम एलो मानांकनात (खेळाच्या ताकदीच्या मापात) पाच गुणांनी सुधारला की निव्वळ नशिबाने चार डाव जास्त जिंकला, हे ठरवायला हजारो डाव खेळवावे लागतात. घरातल्या एकाच संगणकावर हे कसे जमणार? शिवाय व्यावसायिकांच्या दिमतीला ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या चालींचे) जाणकार असत.

दरी बुजू लागली ती मोकळ्या सोर्स कोडमुळे. रॉबर्ट हायट यांनी क्राफ्टी या आपल्या प्रोग्रामचा कोड सर्वांना खुला केला, त्यातून एक पिढी शिकली. ते ऋण फार मोठे आहे.

२००५ साली रेक्याविकच्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत अँथनी कॉझी या विद्यार्थ्याचा झाप्पा हा प्रोग्राम पहिला आला आणि फाबिएँ लतूझे यांचा फ्रूट दुसरा. श्रेडर आणि ज्युनिअर हे व्यावसायिक प्रोग्राम मागे पडले. फ्रूटचा २.१ या आवृत्तीपर्यंतचा कोड खुला होता.

चाचण्यांची अडचणही पुढे सुटली: २०१३ पासून स्टॉकफिश या खुल्या कोडच्या प्रोग्रामच्या चाचण्या फिशटेस्ट या व्यवस्थेतून जगभरातल्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालतात. एकेका बदलासाठी हजारो डाव खेळले जातात, आणि एवढी यंत्रशक्ती उभी करणे छोट्या कंपन्यांनाही परवडत नाही.