पचीनाची वाट

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर 75 किलोमीटरची एक पायवाट आहे, वेस्ट कोस्ट ट्रेल. वायव्येला पचीना उपसागर, आग्नेयेला गॉर्डन नदी. चालायला पाच ते सात दिवस लागतात. परवाना फक्त मे ते सप्टेंबर या काळातच मिळतो, आणि रोज किती माणसं सोडायची तेही ठरलेलं असतं. मी आणि माझी एक जुनी मैत्रीण तिथे चालायला जायचं ठरवलं, तेव्हा पाठपिशवीच्या वजनापेक्षा जास्त वेळ गेला तो भरती-ओहोटीचं कोष्टक वाचण्यात.

कोष्टक तोफिनो बंदराचं. ते प्रमाणवेळेत छापलेलं होतं, म्हणून उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. ओवेन पॉइंट नावाच्या टोकाला किनाऱ्याने वळसा घालायचा, तर पाणी 1.8 मीटरच्या खाली हवं. नाहीतर जंगलातली चिखलाची वाट धरायची. इथे मला कोकणातले शब्द उपयोगी पडले. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीची भांग. उधाणाला भरती मोठी तशी ओहोटीही खोल, म्हणजे ओवेन पॉइंट गाठायचं तर उधाणाच्या दिवसांत. मात्र तिथल्या समुद्रात दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक खोल आणि एक उथळ. कोकणातल्या अंदाजावर विसंबून भागत नाही, आकडे पाहावेच लागतात.

या वाटेचा इतिहास म्हणून सहसा जो सांगितला जातो, तो सुरू होतो फुटलेल्या जहाजांपासून. 22 जानेवारी 1906 च्या रात्री ‘व्हॅलेन्शिया’ ही आगबोट सॅन फ्रान्सिस्कोहून व्हिक्टोरिया आणि सिएटलकडे जाताना खराब हवेत सामुद्रधुनीचं तोंड चुकली आणि पचीनाजवळच्या खडकांवर आदळली. किनारा डोळ्यांसमोर होता, पण वर उभा कडा. जहाज तुटायला दीड दिवस लागला. शंभराहून जास्त माणसं गेली, 37 वाचली. त्यांत एकही बाई किंवा मूल नव्हतं. काही पुरुष कसेबसे किनाऱ्याला लागले, त्यांना जंगलातून गेलेली तार सापडली, आणि तिच्या मागे जात ते तारवाल्याच्या झोपडीपर्यंत पोचले. ही तार 1889 नंतर दीपगृहांसाठी टाकलेली. अपघातानंतर सरकारने तारेच्या मार्गालाच ‘जीवरक्षक वाट’ केलं. ठरावीक अंतरावर निवारे बांधले. त्यांत घोंगड्या, शिधा, संदेशाचं यंत्र आणि ते कसं चालवायचं याच्या अनेक भाषांतल्या सूचना. अनुवादाचं काम करणाऱ्या मला हा तपशील फार आवडतो. बुडून बाहेर आलेला खलाशी कुठल्या भाषेचा असेल याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता.

पण तार टाकली गेली तेव्हा ही भूमी रिकामी नव्हती. हू-आय-आट, डिटिडाट आणि पचीडाट या लोकांची गावं आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा होत्या. आणि पचीना उपसागरातली सर्वांत मोठी आपत्ती जहाजाची नव्हतीच.

1964 मध्ये हू-आय-आटांचे वृद्ध प्रमुख लुई नूकमिस यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली एक हकीकत सांगितली. रात्री जमीन हलली. मग समुद्र आला आणि पचीनातलं गाव गेलं. उंचावर घरं असणारे वाचले. या हकीकतीत साल नाही. ते लागतही नव्हतं. ऐकणाऱ्याला हवं होतं ते त्यात आहे, कुठे राहावं आणि कुठे राहू नये.

साल दुसऱ्या भाषेत होतं. जपानच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गावांच्या दप्तरांत जानेवारी 1700 च्या अखेरीस आलेल्या लाटेची नोंद आहे: कुवागासाकीत घरं गेली, आणि मिहोच्या गावप्रमुखाला कोडं पडलं की भूकंप न होता समुद्र चढला कसा. संशोधक अशा लाटेला ‘अनाथ त्सुनामी’ म्हणतात. तिकडे अमेरिकेत 1987 मध्ये ब्रायन अॅटवॉटर यांनी वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर जमीन एकाएकी खचल्याचे पुरावे मांडले. 1996 मध्ये केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी जपानी नोंदींवरून उलटं गणित केलं: 26 जानेवारी 1700, रात्री सुमारे नऊ, तीव्रता नऊच्या आसपास. पुढच्याच वर्षी खारट पाण्यात मेलेल्या देवदारांच्या खोडातल्या कड्यांनी सांगितलं की ती झाडं 1699 च्या ऑगस्ट आणि 1700 च्या मे यांच्या दरम्यान मेली.

रात्र होती, हे नूकमिस यांनी तीस वर्षं आधी सांगितलं होतं.

मिहोच्या गावप्रमुखाकडे लाट होती, कारण नव्हतं. हू-आय-आटांकडे कारण आणि लाट दोन्ही होती, तारीख नव्हती. पण तारीख असलेल्या कागदाला लगेच पुरावा मानतात आणि बाकीच्याला दंतकथा. हू-आय-आटांच्या स्मृतीला मान मिळाला तो कागद आणि खोडं बोलल्यावर. हा क्रम मला बोचतो. मौखिक साहित्य ‘मूळ’ मानायचं की नाही, हा आमच्या तुलनात्मक साहित्याच्या वर्गातला वाद. इथे त्याला गावाच्या जागेचा प्रश्न जोडलेला आहे. हू-आय-आटांची नवी घरं आणि त्यांचं शासकीय कार्यालय आज पचीनाच्या वर, टेकडीवर आहेत.

चालताना हे सगळं सारखं आठवत नाही. शिड्या मोजाव्या लागतात, अन्न अस्वलांपासून पेटीत बंद करावं लागतं, तंबू भरतीच्या रेषेच्या वर ठोकावा लागतो. मध्येच झाडावर जुन्या तारेचा तुकडा आणि चिनीमातीचा दांडा दिसतो. त्सुनामीच्या फलकांवर बाण डोंगराकडे वळलेला असतो.

वाटेच्या मधोमध निटिनाटची खाडी आहे. पाण्याला ओढ इतकी की पोहून जाणं शक्य नाही, आणि पूलही नाही. पलीकडे नेते ती एका डिटिडाट कुटुंबाची होडी. तिथल्या धक्क्यावर ते ताजे खेकडे उकडून देतात. आम्ही दोघींनी दोन खाल्ले, पैसे दिले, आणि होडीवाल्याने आम्हाला पलीकडे सोडलं.