तेरियाकीची खाणावळ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा उघडला, तर त्याच्या वायव्य कोपऱ्यांत, कॅनडाच्या सीमेपासून फारसें दूर नसलेलें, एका लांबट खाडीच्या कांठीं वसलेलें सिअॅटल शहर दृष्टीस पडतें. उंच सूचिपर्णी वृक्ष, रिमझिम पाऊस आणि विमानांचे कारखाने यांसाठीं त्याची ख्याति आहे. परंतु तेथील सामान्य नागरिकाला 'तुमच्या गांवचें खास जेवण कोणतें?' असें विचारलें, तर तो बहुधा एका जपानी नांवाचा उच्चार करील. तें नांव म्हणजे 'तेरियाकी'.

हें जेवण मिळतें तें थाटामाटाच्या उपाहारगृहांत नव्हे. पेट्रोलच्या पंपाशेजारीं, कपडे धुण्याच्या दुकानाला लागून, एखाद्या चौकाच्या कोपऱ्यावर अशा खाणावळी आढळतात. आंत आठदहा मेजें, भिंतीवर पदार्थांचीं रंगीत चित्रें व त्यांखालीं किंमती, आणि मागें लोखंडी जाळीवर भाजल्या जाणाऱ्या मांसाचा धूर. गिऱ्हाइकानें गल्ल्यावर पैसे भरावे, आणि पांचदहा मिनिटांत आपलें ताट उचलावें. ताटांत भाताची भलीमोठी मूद असते. तिच्या शेजारीं कोंबडीचे कापून पसरलेले तुकडे, त्यांवर गोडसर-खारट असा चकाकणारा काळपट रस, आणि कोपऱ्यांत बारीक चिरलेल्या कोबीची कोशिंबीर. विद्यार्थी, गवंडी, परिचारिका, बसचे चालक अशी सर्व तऱ्हेची मंडळी तेथें शेजारीशेजारी बसून जेवतात. अन्न इतकें असतें कीं एका बैठकीस संपत नाहीं, आणि उरलेलें डब्यांतून घरीं जाऊन दुसऱ्या दिवशींच्या न्याहारीची सोय होते.

अशा दुकानांची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. त्यांच्या मालकांना दप्तर ठेवण्यास सवड नसते, आणि गिऱ्हाइकांना घाई असते. तरीसुद्धां या एका ताटांत पॅसिफिक महासागराच्या दोन्ही कांठांवरील शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास वाढून ठेवलेला आहे.

जपानी भाषेंत 'तेरी' म्हणजे तकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणें. सोयाबीन व गहूं आंबवून तयार केलेला खारट 'शोयू', तांदळाची 'साके' नामक मदिरा आणि तांदळापासूनच होणारा गोड 'मिरिन' यांचें मिश्रण भाजत्या पदार्थावर पुनःपुन्हां फासावयाचें, म्हणजे त्यावर आरशासारखी चकाकी चढते. ही झाली मूळची रीत. ती मुख्यतः माशांसाठीं होती. 'बुरी' नांवाच्या चरबीदार माशाची तेरियाकी जपानी घरांत आजही आवडीनें खातात. बौद्ध धर्माच्या प्रभावामुळें चतुष्पाद प्राण्यांचें मांस त्या देशांत शतकानुशतकें निषिद्ध मानलें जात असे. १८७२ सालीं खुद्द मेइजी सम्राटानें गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें, तेव्हां कोठें तो निर्बंध सैल झाला. अर्थात् सिअॅटलच्या ताटांतील कोंबडी व गोमांस, आणि त्यांवरील तो दाट गोड रस, हीं जपानच्या जुन्या तेरियाकीचीं दूरचीं नातवंडें म्हणावीं लागतील.

जपान आणि सिअॅटल यांची गांठ पडली ती आगबोटीमुळें. १८९६ सालीं एका जपानी कंपनीची नियमित जलवाहतूक या बंदरापर्यंत सुरू झाली, आणि रेल्वे, लांकडाच्या गिरण्या व मासे डबाबंद करण्याचे कारखाने यांत काम करण्यासाठीं जपानी तरुण येऊं लागले. शहराच्या दक्षिण भागांत 'निहोनमाची' म्हणजे जपानी पेठ उभी राहिली. तेथें स्नानगृहें होतीं, वसतिगृहें होतीं, वृत्तपत्रें होतीं. आणि १९०४ सालीं स्थापन झालेली 'मानेकी' नांवाची खाणावळही होती. परंतु कायद्याची दृष्टि या लोकांवर वक्रच राहिली. १९२१ सालीं वॉशिंग्टन संस्थानानें त्यांना जमिनीची मालकी मिळूं नये असा कायदा केला, आणि १९२४ सालच्या कायद्यानें जपानमधून वसाहतीसाठीं येणाऱ्यांना अमेरिकेचें दारच बंद झालें.

पुढें महायुद्ध आलें. ता. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं काढलेल्या हुकुमानुसार पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरें सोडावीं लागलीं. त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेंतच जन्मलेले, म्हणजे जन्मानें तेथील नागरिक होते. सिअॅटलसमोरील बेनब्रिज बेटावरचीं कुटुंबें मार्च महिन्याच्या अखेरीस सर्वांआधीं हलविण्यांत आलीं. शहरांतील सुमारें सात हजार जपान्यांपैकीं बहुतेकांना प्रथम प्युअॅलप येथील जत्रेच्या मैदानांत, व नंतर आयडाहो संस्थानांतील मिनिडोका येथील रुक्ष माळरानावरच्या छावणींत नेलें. निहोनमाची ओस पडली. 'मानेकी'ची मालमत्ता लुटली गेली. १९४६ सालीं ती खाणावळ पुन्हां सुरू झाली, पण जुन्या भव्य वास्तूंत नव्हे, तर एका लहानशा जागेंत. अनेक कुटुंबें परत आलींच नाहींत.

हा प्रसंग आठवल्यावांचून पुढील गोष्टीचें मर्म ध्यानांत येत नाहीं. कारण या हकालपट्टीला अवघीं चौतीस वर्षें झालीं होतीं, तोंच १९७६ सालच्या मार्च महिन्यांत, त्याच शहरांतील क्वीन अॅन टेकडीच्या पायथ्याशीं, रॉय स्ट्रीटवर 'तोशीज तेरियाकी' ही पाटी लागली. तिचे मालक तोशिहिरो कासाहारा हे मूळचे जपानमधील आशिकागा गांवचे. ओरेगॉन संस्थानांतील पोर्टलंड येथील विद्यापीठांत ते शिकले होते, आणि कुस्तीच्या आखाड्यांत उतरलेले गडी होते. भांडवल बेताचें आणि जागा छोटी. पदार्थही चारपांचच ठेवलेले: कोंबडीची तेरियाकी, गोमांसाची तेरियाकी, जपानी शेवयांचा रस्सा, भातावर वाढलेली जपानी पद्धतीची आमटी, आणि असेंच आणखी एखादें. किंमत दोन डॉलरांच्या आगेंमागें.

इतक्या अल्प दरांत पोटभर जेवण कसें परवडलें, याचें उत्तर पाककृतींतच आहे. मिरिन महाग, म्हणून त्याच्या जागीं साधी साखर आली. अमेरिकन गृहिणींना कोंबडीच्या छातीचें पांढरें मांस प्रिय, त्यामुळें मांडीचें गडद मांस स्वस्त मिळे. तेंच अधिक रसाळ असल्यानें जाळीवर कोरडें पडत नाहीं. मांस आधींच मुरवून ठेवलेलें असलें, म्हणजे तें भाजण्यास वेळ लागत नाहीं आणि रांग भराभर पुढें सरकते. भात तर भूक भागविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. सोयासॉसचीही आतां वाण नव्हती. 'किक्कोमान' या जपानी कंपनीनें १९७३ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील वॉलवर्थ येथें आपला कारखानाच काढला होता. काटकसर म्हणून केलेले हे फेरफार लोकांच्या जिभेवर इतके बसले कीं पुढें तेच प्रमाण ठरले.

काळही अनुकूल होता, किंबहुना गरजू होता. बोइंग या विमानकंपनीच्या नोकरांची संख्या १९६७ सालीं १,००,००० च्या घरांत होती. ती १९७१ सालापर्यंत ४०,००० च्याही खालीं आली. त्या वर्षीं विमानतळाजवळ एक फलक लागला होता. गांव सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसानें दिवे मालवून जावें, अशी विनोदी सूचना त्यावर होती. त्या मंदींतून शहर नुकतेंच सांवरत होतें. खिशांतील नाणीं मोजून जेवणारांच्या अशा गांवांत दोन डॉलरांच्या पूर्णान्नाचें मोल वेगळें सांगावयास नको.

एका दुकानाचीं अनेक दुकानें झालीं. कासाहारा यांनीं आणखी शाखा काढल्या, कांहीं विकल्या, आणि त्यांचें पाहून इतरांनींही हाच धंदा धरला. येथें या इतिहासाला दुसरें वळण मिळतें. १९६५ सालच्या कायद्यानें आशियांतील लोकांना अमेरिकेचें दार पुन्हां उघडलें होतें, आणि कोरियांतून मोठ्या संख्येनें कुटुंबें येत होतीं. त्यांतील कित्येक सुशिक्षित होते. पण परकी भाषेच्या अडचणीमुळें त्यांच्या पदव्यांना तेथें बाजार नव्हता. तेरियाकीचें दुकान मात्र थोड्या भांडवलावर मिळे. घरचींच माणसें राबलीं तर पगार वांचे. नवरा जाळीशीं, बायको गल्ल्यावर, आणि शाळा सुटल्यावर मुलें कोपऱ्यांतील मेजावर अभ्यास करीत बसलेलीं, असा तो संसार. पुढें व्हिएतनामी व चिनी कुटुंबांनींही हीच वाट धरली.

कोरियन हात लागतांच चवीनें कूस बदलली. लसूण व आलें यांचें प्रमाण वाढलें, तिळाच्या तेलाचा वास आला, आणि कोरियांतील 'बुलगोगी' नांवाच्या भाजलेल्या मांसाची छटा तेरियाकींत उतरली. कांहीं दुकानांत कोरियन पदार्थही त्याच भिंतीवरच्या यादींत मुकाट्यानें येऊन बसले. पाटीवरचें नांव मात्र जपानीच राहिलें. १९१० ते १९४५ अशीं पस्तीस वर्षें जपाननें कोरियावर राज्य केलें, तेथील भाषेला शाळेंतून हुसकलें, माणसांना आपलीं नांवें बदलावयास लावलीं. त्याच कोरियाचीं लेंकरें परक्या भूमींत जपानी नांवाच्या आधारानें आपल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागवीत होतीं, आणि त्या नांवाखालीं आपल्या घरची चव विकत होतीं. जित व जेते यांच्या हिशेबाचा असा निकाल कोणत्याही तहनाम्यांत सांपडणार नाहीं.

२०१० सालच्या सुमारास एकट्या सिअॅटल शहरांत नांवांत 'तेरियाकी' हा शब्द असलेल्या खाणावळी ८० हून अधिक होत्या. पुढें शहर संपन्न झालें, नव्या उद्योगांनीं जागांचीं भाडीं गगनास भिडविलीं, आणि कित्येक जुन्या दुकानांनीं दारें लावून घेतलीं. यांत केवळ महागाईचा दोष नव्हता. ज्यांच्या शिक्षणासाठीं आईबापांनीं धूर गिळला, त्या मुलांपैकीं अनेकांनीं इतर व्यवसाय पत्करले आणि जाळीशीं उभे राहण्यास घरचें कोणी उरलें नाहीं. अशा दुकानाचा शेवट म्हणजे कित्येकदां त्याच्या हेतूची सिद्धीच असते. मात्र रोजच्या गिऱ्हाइकाला त्यानें समाधान लाभत नाहीं.

ही तेरियाकी खरी जपानी नव्हे, असा आक्षेप चोखंदळ लोक घेतात, आणि तो खोटाही नाहीं. तोक्योच्या माणसापुढें तें ताट ठेवलें तर तो बुचकळ्यांत पडेल. परंतु पदार्थाची जात त्याच्या जन्मभूमीवरून ठरवावी, कीं त्याला कोणीं रांधलें व कोणीं खाल्लें यावरून? महाग मिरिनऐवजीं साखर घालणारा कुस्तीगीर, लसणीची मूठ सढळ करणारी कोरियन गृहिणी आणि दोन डॉलर मोजून पोट भरणारा कामगार, या तिघांनीं मिळून ही तेरियाकी घडविली. तिचें नांव जपानचें, पण गांव सिअॅटल.

या गोष्टीनें १९४२ सालचा अन्याय पुसला गेला, असें मात्र कोणीं समजूं नये. चवीनें खाल्लेल्या घांसानें लुटलेलीं घरें परत मिळत नाहींत. अमेरिकन सरकारनें त्या अन्यायाची क्षमा मागून हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानास २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ सालीं, आणि तोंपर्यंत कित्येकजण निवर्तले होते. सरकारी क्षमायाचनेला छेचाळीस वर्षें लागलीं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खाणावळींत तोंपर्यंत बारा वर्षें पंगती उठत होत्या. ज्या नांवाच्या माणसांना शहरानें एकदां आगगाडींत बसवून दूर धाडलें, त्या माणसांच्या भाषेंतील एक शब्द तें शहर रोज दुपारीं भुकेल्या तोंडानें, प्रेमानें उच्चारीत होतें.