ध्वनिमिश्रक, अंकीय
प्रत्यक्ष संगीतसभेत निरनिराळ्या मायक्रोफोनांतून व वाद्यांतून येणारे विद्युत् संकेत एकत्र आणून, प्रत्येकाची पातळी व नादगुण ठरवून ते ध्वनिवर्धकांकडे पाठविणारे आणि हे सर्व कार्य संकेतांचे संख्यांत रूपांतर करून पार पाडणारे साधन. व्यवहारात यास डिजिटल मिक्सर म्हणतात. याच्या पूर्वीच्या सदृश मिक्सरमध्ये संकेत विद्युत् दाबाच्या रूपातच राहतो आणि प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र मंडल व स्वतंत्र बटण असते. सदृश मिक्सरकडून अंकीय मिक्सरकडे झालेला प्रवास सु. २५ वर्षांचा आहे. या प्रवासात सभागृहासाठी मिक्सर निवडण्याचा प्रश्नही बदलत गेला. प्रारंभी तो ध्वनीच्या दर्जाचा होता. पुढे तो स्मृतीचा, हाताच्या पोहोचीचा आणि विश्वासार्हतेचा झाला.

पूर्वपीठिका : १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाने सु. ५५,६०० श्रोत्यांपुढे गायन केले. वाद्यांसाठी १०० वॉटचे विवर्धक होते. गायकांचा आवाज मुख्यतः क्रीडांगणाच्या घोषणायंत्रणेतून ऐकविला गेला आणि श्रोत्यांच्या कल्लोळात तो बुडाला. श्रोत्यांची संख्या वाढली, पण ध्वनियंत्रणा मात्र सभेतील भाषणापुरतीच राहिली होती, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. १९६७ मध्ये विंडसर येथील जॅझ व ब्लूज महोत्सवात चार्ली वॉटकिन्स यांनी १,००० वॉटची यंत्रणा उभारली. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात बिल हॅन्ली यांनी सु. चार लाखांच्या समुदायासाठी ध्वनियोजना केली. तेथे चार-चार मार्गिकांचे छोटे मिक्सर वापरले गेले. ध्वनिवर्धकांची शक्ती वाढली तरी मिश्रणाचे साधन अजून बाल्यावस्थेतच होते.

१९७० नंतरच्या दशकात या साधनाला स्वतःचे रूप आले. लंडनमध्ये मिडास या कंपनीने प्रवासी संगीतसभांसाठी मोठे मिक्सर बनविण्यास सुरुवात केली. १९७३ मध्ये फिल डडरिज व ग्रॅहॅम ब्लाइथ यांनी साउंडक्राफ्ट कंपनी स्थापन केली. तिचा पहिला मिक्सर प्रवासी पेटीतच बांधलेला होता. जपानच्या यामाहा कंपनीचा पीएम-१००० हाही याच दशकातील. मिक्सर रंगमंचावर न ठेवता श्रोत्यांच्या मधोमध ठेवण्याची पद्धत या काळात रूढ झाली, कारण जे श्रोता ऐकतो तेच मिश्रण करणाऱ्याला ऐकू येणे आवश्यक असते. याच काळात एक उलटा प्रयोगही झाला. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन वृंदाने कलावंतांच्या पाठीमागे ध्वनिवर्धकांची प्रचंड भिंत उभारली. मध्यस्थाने केलेले मिश्रण त्यांनी वगळले आणि प्रत्येक कलावंताने स्वतःचा आवाज स्वतः सांभाळावा अशी योजना केली. ही भिंत वाहून नेण्यास व उभारण्यास अतिशय खर्चिक असल्याने त्याच वर्षी ती सोडून द्यावी लागली. मिक्सर आणि तो चालविणारा माणूस ही त्यानंतर गृहीत धरलेली गोष्ट झाली.

सदृश मिक्सरची मर्यादा : मोठ्या सदृश मिक्सरमध्ये सु. ४० ते ५० मार्गिका आणि हजारावर बटणे असत. त्यांची मांडणी मात्र सरळ असे. एका मार्गिकेसाठी एक उभी पट्टी आणि एका क्रियेसाठी एक बटण, त्यामुळे कोणते बटण कोठे आहे हे हाताला पाठ होत असे. उणीव एकच होती, ती म्हणजे या यंत्राला स्मृती नव्हती. एका कलावंताची मांडणी मोडून दुसऱ्याची लावावयाची झाल्यास प्रत्येक बटणाची स्थिती कागदावर टिपून ठेवावी लागे आणि ती पुन्हा हातानेच लावावी लागे. एका व्यासपीठावर पाठोपाठ वृंद सादर करणाऱ्या महोत्सवांत आणि प्रवेशागणिक मायक्रोफोन बदलणाऱ्या संगीतिकांत ही अडचण विशेष जाणवे. शिवाय प्रतिध्वनी, विलंब, पातळीनियमन यांसाठी वेगळी उपकरणे कपाटे भरून न्यावी लागत. मंचापासून मिक्सरपर्यंत येणारी अनेक तारांची जाड केबलही फार वजनदार असे.

अंकीय पद्धतीचा उदय : अंकीय पद्धतीत संकेताचे मोजमाप दर सेकंदास ४८,००० किंवा ९६,००० वेळा केले जाते आणि प्रत्येक माप साधारणतः २४ बिटांत नोंदविले जाते. माणसाची श्रवणमर्यादा सु. २०,००० हर्ट्‌झ असल्यामुळे एवढे नमुने पुरेसे ठरतात. एकदा ध्वनी संख्येत आला, की पातळी बदलणे म्हणजे गुणाकार व मिसळणे म्हणजे बेरीज होय. बटणाची स्थिती हीही एक संख्याच असल्याने ती साठविता येते व क्षणात परत आणता येते. यामाहाचा डीएमपी-७ हा आठ मार्गिकांचा लहान अंकीय मिक्सर १९८७ मध्ये आला. १९९४ मधील प्रोमिक्स-०१ मुळे असा मिक्सर सु. २,००० डॉलरांत मिळू लागला. यांतील फेडर, म्हणजे पातळी ठरविणाऱ्या सरकत्या मुठी, छोट्या विद्युत् चलित्रांनी आपोआप पूर्वस्थानी जात. १९९५ चा ०२आर ध्वनिमुद्रणशाळांत सर्वत्र पोहोचला.

मोठ्या सभागृहांनी मात्र बराच काळ याकडे पाठ फिरविली. ध्वनिमुद्रणात यंत्र थांबले तर काम पुन्हा करता येते. संगीतसभेत गेलेला क्षण परत येत नाही. ही शंका दूर करण्यासाठी २००० च्या सुमारास आलेल्या यामाहा पीएम१डी या मिक्सरमध्ये चालकापुढील मंच व गणन करणारे यंत्र वेगळे केले गेले आणि दोन गणनयंत्रे समांतर चालविण्याची सोय ठेवली गेली. ध्वनी चालकाच्या मंचातून जातच नव्हता. मंच हे केवळ आज्ञा देण्याचे साधन उरले. २००२ मध्ये इंग्लंडच्या डिजिको कंपनीचा डी-५, २००५ मध्ये अमेरिकेतील डिजिडिझाइनचा व्हेन्यू आणि २००६ मध्ये मिडासचा एक्सएल-८ आला. सदृश मिक्सरसाठी ख्यातनाम असलेल्या मिडासनेही हा मार्ग धरल्यावर या वादाचा निकाल जवळजवळ लागला.

स्तरांचा प्रश्न : स्मृतीबरोबर एक नवी अडचण आली. थोड्या फेडरांवर अनेक मार्गिका हाताळता याव्यात म्हणून मार्गिकांचे स्तर पाडण्यात आले. एकच मूठ एका स्तरात गायकाची, तर दुसऱ्या स्तरात तबल्याची असते. गायकाच्या मायक्रोफोनमधून अचानक शीळ उठली आणि चालक दुसऱ्या स्तरात असला, तर आधी योग्य स्तर शोधावा लागतो. २००५ च्या यामाहा एम७सीएल या मिक्सरने याला एक उत्तर दिले. त्याच्या मोठ्या आवृत्तीत ४८ मार्गिकांसाठी ४८ फेडर एका ओळीत होते आणि सूक्ष्म काम पडद्यावर होई. सदृश मिक्सरवर वाढलेल्या चालकाला तो परका वाटला नाही आणि जगभरच्या नाट्यगृहांत व प्रार्थनामंदिरांत तो बसविला गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या एलएस-९ या स्वस्त मिक्सरमध्ये ३२ फेडरांवर दोन स्तरांत ६४ मार्गिका होत्या. एकाच कंपनीच्या या दोन यंत्रांत पुढील सर्व निवडीचे द्वंद्व दिसते : एकीकडे हाताची सुलभता, तर दुसरीकडे जागा व पैसा यांची बचत.

निवडीच्या कसोट्या : २०१२ मध्ये बेरिंजर कंपनीचा एक्स-३२ हा ३२ मायक्रोफोन घेणारा मिक्सर ३,००० डॉलरांच्या आसपास मिळू लागला. तेव्हापासून अंकीय मिक्सर परवडतो काय हा प्रश्न लहान सभागृहांपुढेही उरला नाही. कोणता घ्यावा हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर केवळ मार्गिकांच्या संख्येने देणे फसवे ठरते.

आदानांइतकेच प्रदानांना महत्त्व असते. श्रोत्यांसाठी एक मिश्रण पुरते, पण रंगमंचावरील प्रत्येक कलावंताला स्वतःस ऐकण्यासाठी निराळे मिश्रण, म्हणजे मॉनिटर, लागते. दुसरी कसोटी विलंबाची. अंकीय मिक्सरमध्ये संकेताला साधारणतः १ ते ३ मिलिसेकंद लागतात. ध्वनी हवेतून १ मिलिसेकंदात सु. ३४ सेंमी. जातो, म्हणजे हा विलंब मीटरभर अंतराएवढाच असून श्रोत्याला तो जाणवत नाही. कानात श्रवणयंत्र लावून गाणाऱ्याला मात्र स्वतःचा आवाज हाडांतून तत्काळ व यंत्रातून किंचित उशिरा मिळतो. या दोहोंच्या मिश्रणाने नाद पोकळ होतो. साखळीत अनेक अंकीय उपकरणे जोडली, की हे विलंब एकमेकांत मिळत जातात. तिसरी कसोटी अतिभाराची. सदृश मिक्सर मर्यादेबाहेर गेल्यास ध्वनी हळूहळू विरूप होतो, तर अंकीय रूपांतरक कमाल संख्येवर एकदम थांबतो व तडकल्यासारखा आवाज येतो. म्हणून पातळीत पुरेशी मोकळीक राखण्याची शिस्त चालकाला शिकवावी लागते.

श्रोत्यांसाठी एक व रंगमंचासाठी एक असे दोन मिक्सर जाळ्यातून तीच आदाने वापरत असतील, तर एकाने मूळ संवेदनशीलता बदलताच दुसऱ्याचे मिश्रण बिघडते. त्याची भरपाई आपोआप करण्याची सोय यंत्रात आहे काय, हे पाहावे लागते. वीज क्षणभर गेली तर सदृश मिक्सर वीज येताच चालू होतो. अंकीय मिक्सरला मात्र आपली आज्ञावली पुन्हा सुरू करावी लागते आणि तोवर सभागृह निःशब्द राहते. त्यामुळे यूपीएसची किंमत मिक्सरच्याच किमतीत धरणे योग्य ठरते. तसेच बाहेरून येणारे चालक ज्या यंत्राशी परिचित आहेत व ज्याची दुरुस्ती जवळपास होऊ शकते, ते यंत्र गुणांनी थोडे कमी असले तरी अनेकदा अधिक उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील संदर्भ : मायक्रोफोनपूर्व काळातील संगीत रंगभूमीवर गायकनट केवळ कंठबळावर प्रेक्षागृह भरून टाकीत. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्‌सचे टाटा थिएटर (१९८०) हे फिलिप जॉन्सन यांच्या वास्तुरचनेतून व सिरिल हॅरिस यांच्या ध्वनियोजनेतून, विवर्धनावाचून ऐकता यावे या हेतूने बांधले गेले. अशा वास्तूत मिक्सरचा सर्वांत चांगला वापर म्हणजे तो कमीत कमी वापरणे होय. बहुतेक नाट्यगृहांची स्थिती याहून वेगळी आहे. पुण्या-मुंबईकडे एकाच दिवशी निरनिराळ्या सत्रांत नाटक, लावणी व वाद्यवृंद यांचे प्रयोग होतात आणि मधल्या थोड्या वेळात सारी मांडणी बदलावी लागते. तेथे स्मृती हा चैनीचा भाग नसून गरज ठरते. हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत मार्गिका थोड्या असतात. पण गायकाला तंबोरा नेमका किती ऐकू यावा हे मैफल रंगत असताना ठरत जाते आणि साठविलेली मांडणी केवळ आरंभबिंदू असते. येथे स्तरांच्या गर्दीपेक्षा तंबोऱ्याची मूठ हाताखाली असणे मोलाचे.

मिक्सरची निवड म्हणजे एका अर्थी त्या सभागृहात काय घडते याची नोंद होय. आठवड्यातील कार्यक्रम, त्यांतील बदलांचा वेग, चालकांची संख्या व त्यांचे शिक्षण यांची टिपणे आधी केली, तर यंत्राचे नाव ठरविणे अवघड जात नाही. ती केली नाहीत, तर महागडे यंत्रही वापरात नसलेल्या स्तरांखाली झाकून राहते आणि गायक खूण करून आवाज मागत असताना चालकाचे डोळे पडद्यावर खिळलेले असतात.