देगलूरहून गाडीने कोकणात जाताना: घाट बंद झाला तर औषधांचे काय?

देगलूरहून उदगीर, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे आंबा घाट उतरून रत्नागिरी-गणपतीपुळे हा प्रवास सहाशे किलोमीटरच्या आसपास होतो. चहा-जेवणाचे थांबे धरले तर चौदा-पंधरा तास सहज लागतात. घरात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा फिट्सचा रुग्ण असेल तर खरी अडचण अंतराची नसते. रस्ता मध्येच बंद झाला आणि दोन दिवसांचा प्रवास चार दिवसांचा झाला, की ती सुरू होते.

असे खरेच होते का?

होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. २०२१ च्या त्याच पावसात चिपळूण पाण्याखाली गेले आणि आंबा घाटात रस्ता खचला. रस्ता फक्त पावसातच बंद होतो असेही नाही. मुंबई-गोवा महामार्गावरील परशुराम घाट २०२२ च्या उन्हाळ्यात रुंदीकरणासाठी दुपारी काही तास बंद ठेवला जात असे. गगनबावड्याचा करूळ घाट जानेवारी २०२४ पासून सुमारे वर्षभर कामासाठी बंद होता. एक घाट बंद असेल तर दुसऱ्याने उतरता येते, पण त्यात काही तास जास्त जातात आणि जेवणाची, गोळ्यांची, इन्सुलिनची वेळ टळते.

औषधे किती घ्यावीत?

मुक्कामाचे जेवढे दिवस, त्यापेक्षा निदान चार दिवसांची जास्त. ती दोन पिशव्यांत विभागून ठेवा आणि एक पिशवी कायम हाताशी असू द्या. डिकीत सामानाखाली गेलेली गोळी घाटात अडकल्यावर सापडत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि औषधातील घटकाचे नाव त्यात लिहून घ्या. देगलूरच्या मेडिकलमध्ये मिळणारी कंपनी कोकणातल्या लहान गावात मिळेलच असे नाही, घटकाचे नाव असेल तर पर्यायी गोळी देता येते.

सगळी औषधे सारखी नसतात, हे घरच्यांनी समजून घ्यावे. कॅल्शियमची किंवा व्हिटॅमिनची गोळी दोन दिवस चुकली तर बिघडत नाही. पण फिट्सचे औषध, स्टेंट बसवल्यानंतर चालू असलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारख्या गोळ्या, स्टिरॉइड आणि टाइप १ मधुमेहाचे इन्सुलिन अचानक बंद होता कामा नये. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घेऊ नका.

प्रवासात लघवीला कुठे जायचे या काळजीने अनेक बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि म्हातारी माणसे लघवीची गोळी परस्पर बंद करतात. पहिल्याने जळजळ आणि संसर्ग होतो, दुसऱ्याने दुबळ्या हृदयाच्या माणसाला रात्री दम लागतो. गोळीची वेळ पुढे-मागे करता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. दर दोन तासांनी गाडी थांबवून सगळ्यांनी पाच मिनिटे चाला. सलग बसून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते.

इन्सुलिन आणि साखर

वापरात असलेली इन्सुलिनची बाटली किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत वेष्टनावर असते. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. थर्मासमध्ये बर्फ टाकून त्यावर थेट बाटली ठेवणेही चूक. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, ते फेकून द्या. बाटली कोरड्या कपड्यात गुंडाळून, बर्फापासून वेगळी ठेवा.

वाहतूक अडली आहे आणि जेवण कधी मिळेल सांगता येत नाही, अशा वेळी जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन बसू नका. जेवण समोर आल्यावरच घ्या. रात्रीचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन मात्र बंद करायचे नसते. घाम, थरथर, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर साखर मोजा. ७० पेक्षा कमी असेल, किंवा मोजता येत नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. गाडी चालवणाराच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असेल तर त्याने स्टेअरिंगवर बसण्याआधी साखर तपासावी.

घाटातली मळमळ

गोळी घाटाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, ओकारी सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालकाने घेऊ नयेत. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी त्याने अडू शकते. मुलांना मोबाइल देऊ नका, समोर लांब बघायला सांगा. ओआरएस पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात कालवा.

अडकलात तर

पाऊस आहे म्हणून काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. धुराची नळी चिखलात किंवा पाण्यात बुडाली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा दम लागणे असे काही झाल्यास १०८ ला फोन करा. पण दरड पडलेल्या बाजूने रुग्णवाहिका येऊ शकणार नाही, म्हणून तुम्ही दरडीच्या कोणत्या बाजूला आहात ते आधी सांगा. वाटेत लातूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि रत्नागिरी येथे मोठी सरकारी रुग्णालये आहेत. घाट उतरण्यापूर्वीचे शेवटचे मोठे ठिकाण कोल्हापूर, तेव्हा तब्येत बिघडत असेल तर तिथेच थांबा.

डायलिसिसवरील रुग्ण आणि आठवा-नववा महिना चालू असलेल्या बाईने पावसाळ्यात हा प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे किंवा कावीळ दिसली, तर देगलूरच्या डॉक्टरांना कोकणातून आल्याचे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यावरूनच येते आणि उपचार लवकर सुरू होतात.